स्वयंपाकघराची शांतता

३ जून, सोमवार

आजपासून नोकरीला लागले. दिवसभरात मी जेमतेम वीस शब्द बोलले असेन आणि त्यांतले निम्मे "हो" होते.

काम मात्र माझ्यासारखीच्या हातचे आहे. ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण शिकवणारी ही लहानशी संस्था. तिथे येणाऱ्या मुलामुलींना यंत्रे चालवता येतात, पण यंत्रांच्या भागांचे नाव-गाव विचारले की ती एकमेकांची तोंडे पाहतात. म्हणून मूलभूत संज्ञांची एक मराठी पुस्तिका हवी आहे. मराठी माध्यमातून पहिली आलेली मुलगी, म्हणून ती मी लिहायची. "तुम्हांला या क्षेत्रातलं काही येतं का?" असे संचालकांनी विचारले. मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, "उत्तम. म्हणजे समजेपर्यंत लिहिणार नाही."

माझे टेबल संकलनाच्या खोलीत आहे. शेजारी चित्रफिती कापणाऱ्या ताई बसतात. त्यांना सगळे 'कात्री' म्हणतात आणि त्या ओ देतात. ध्वनी शिकवणारे काका स्वतःला 'कानसेन' म्हणवतात. इतरांनी हे नाव ठेवले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी ते स्वतःच ठेवले आहे.

नवी वही आहे, तेव्हा मागचे थोडे लिहून ठेवणे बरे. आई हिवाळ्यात गेली. त्याच्या आधी मला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात भाषाविज्ञानाला प्रवेश मिळाला होता. तो त्यांनी वर्षभर राखून ठेवला आहे. येते की नाही हे जूनअखेर कळवायचे. मी येत नाही असेच कळवणार आहे. आईची इच्छाच तशी होती. आजारपणात तिने दादाच्या कॅमेऱ्यासमोर चार शब्द बोलून ठेवले. त्यात ती मला म्हणते, "छोटे, बाबांकडे लक्ष दे. त्यांना एकटं टाकू नकोस." दादाने चित्रण केले, बाबांनी ते टीव्हीवर चालेल असे करून दिले आणि आम्ही तिघांनी ते एकत्र पाहिले. त्यानंतर विचार करण्यासारखे काही उरले नाही.

५ जून, बुधवार

पहिली नोंद लिहिली: 'मायक्रोफोन: हवेतील कंपनांचे विद्युत-संदेशात रूपांतर करणारे साधन.' कानसेनकाकांनी ती वाचली आणि कागद नाकाजवळ नेऊन वास घेतल्यासारखे केले.

"बरोबर आहे. पण पोरी, माइक म्हणजे काय ठाऊक आहे? आगाऊ पाहुणा. आपल्याला जे ऐकायचंय तेवढंच तो ऐकत नाही. पंखा, पोट, रस्त्यावरचं कुत्रं, सगळं ऐकतो. आपला मेंदू गाळणी लावून ऐकतो. याच्याकडे गाळणी नाही."

दुपारी त्यांच्या तासाला बसले. एका मुलाखतीचे मुद्रण संपले तेव्हा ते ओरडले, "कुणी हलायचं नाही! आता खोली बोलणार!" सगळे होते तिथे पुतळ्यासारखे थांबले. काही वेळ नुसत्या रिकाम्या खोलीचा आवाज मुद्रित केला. याला 'रूम टोन' म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. बोलण्यातला एखादा तुकडा कापला तर मागे निर्जीव खड्डा पडतो. तो बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही.

मी 'कक्षशांती' असा प्रतिशब्द सुचवला.

"कक्षशांती!" काका इतके हसले की त्यांचे हेडफोन गळ्यातून निसटले. "हे तर एखाद्या मुलीचं नाव वाटतं. काय गं कक्षशांती, चहा घेणार?"

संध्याकाळपर्यंत सगळी संस्था मला त्याच नावाने हाक मारू लागली होती. पुस्तिकेत 'रूम टोन' असेच लिहिणार आहे.

८ जून, शनिवार

'कट'साठी शब्द हवा होता म्हणून बाबांना विचारले. त्यांचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण विषय निघाला की त्यांचा चेहरा बदलतो. आई गेल्यापासून इतके बोललेले मी त्यांना ऐकले नव्हते.

"आम्ही सांधा म्हणायचो. लोक भाषणांच्या टेपा आणायचे. मधला खोकला काढा, मधलं चुकलेलं काढा. ब्लेडनं टेप कापायची, टोकाला टोक लावून चिकटवायची. पण सरळ नाही कापायची, छोटे. तिरकी. सरळ कापली की टिक्क वाजतं. तिरकी कापली तर एक आवाज दुसऱ्यात मुरतो. माझा सांधा कुणाला सापडला नाही कधी."

"आता ते संगणकावर करतात, बाबा."

"तेच ते. ब्लेड तेवढं गेलं."

'सांधा' हा शब्द मला फार आवडला. पुस्तिकेत घेतला.

एक गोष्ट लक्षात आली आहे. मी घरी पोहोचते तेव्हा बाबा बऱ्याचदा सुट्या भागांच्या खणापाशी असतात आणि मला पाहताच तो लोटून देतात. जुने स्क्रू आणि वायरी सोडून त्यात काय असणार? डॉक्टरांनी गोड बंद केले आहे. मला वाटते, बर्फीचा पुडा तिथे असावा. एकदा पकडले पाहिजे.

१२ जून, बुधवार

क्रमाने लिहिते.

सकाळी कानसेनकाकांनी एका भाषणाची फीत ऐकवली आणि विचारले, "सांधा कुठे आहे?" (माझा शब्द त्यांनी उचलला आहे आणि आता तो आपलाच असल्यासारखा वापरतात.) कुणालाच सापडला नाही. ते म्हणाले, "बोलणाऱ्याकडे लक्ष देताय म्हणून फसताय. तो काय बोलतो ते सोडा. त्याच्या मागची हवा ऐका." पुन्हा लावले तेव्हा मागची पंख्याची घरघर एका जागी अलगद बदललेली मला ऐकू आली. मी हात वर केला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.

त्याच आनंदात घरी आले. बाबा भाजी आणायला गेले होते. आईची फीत लावावीशी वाटली. नव्या कानांनी तिचा आवाज कसा लागतो ते पाहू, एवढाच हेतू.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आहे. मागे फ्रिजची घुंई. आमचा हा फ्रिज माझ्याहून वयाने मोठा, बाबांनी वेळोवेळी दुरुस्त करून जगवलेला. इतका वाजतो की घरातल्या कुणालाच तो आता ऐकू येत नाही. मलाही फितीत आजच ऐकू आला. आई म्हणते, "छोटीला काय सांगू? ती शहाणी आहे. छोटे, बाबांकडे लक्ष दे. त्यांना एकटं टाकू नकोस." मग, "बरं, झालं माझं. ये रे, बंद कर हे!"

"टाकू नकोस"पर्यंत फ्रिज चालू आहे. "बरं, झालं"च्या मागे तो बंद आहे.

आता, फ्रिज आपोआप बंद होऊ शकतो. पण आमचा फ्रिज गुपचूप बंद होत नाही. थांबताना त्याला म्हाताऱ्या माणसासारखी उचकी लागते, सगळा थरथरतो, आणि डोक्यावरच्या लोणच्याच्या बरण्या एकमेकींवर आपटून किणकिणतात. माझ्या सगळ्या परीक्षांचा अभ्यास मी त्या किणकिणीत केला आहे.

फितीत बरण्या वाजत नाहीत.

१३ जून, गुरुवार

पुन्हा पाहिले. आवाज बंद करून नुसते चित्र पाहिले. "टाकू नकोस" म्हणताना आईचा चष्मा डोळ्यांवर आहे. "बरं, झालं" म्हणताना तो तिच्या मांडीवर आहे. तिने तो कधी काढला? माझी आई चष्मा दोन्ही हातांनी, सावकाश, जणू तो उसना आणला आहे अशा काळजीने काढत असे. ते कुठे आहे?

मधला तुकडा काढलेला आहे. आईचे शब्द काढलेले आहेत, आणि ते माझ्याशी बोलत असतानाचे.

कोणी काढले हे विचारायला नको. कॅमेरा दादाचा. चित्रण दादाने केले. आणि सोय कोणाची झाली? मी इथे राहिले म्हणून दादा निर्धास्तपणे आपल्या नोकरीच्या गावी परत गेला. मी गेले असते तर बाबांसाठी त्यालाच यावे लागले असते. हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण लिहिलेले खोडणार नाही.

१५ जून, शनिवार

फीत संस्थेत नेली. 'एका ओळखीच्यांची आहे' असे सांगितले. कात्रीताईंनी एकदा पडद्याकडे, एकदा माझ्या नाकाकडे पाहिले आणि "हं, ओळखीच्यांची" एवढेच म्हणाल्या. मी आईच्या नाकावर गेले आहे.

त्यांनी चित्र पुढे-मागे केले. "चष्मा उडी मारतोय. मान पण. हे पहिल्या आठवड्यातली पोरंसुद्धा करत नाहीत. मध्ये खिडकीचं, हाताचं, कसलंही चित्र टाकलं असतं तर झाकलं गेलं असतं."

मग कानसेनकाकांनी हेडफोन लावून डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ते अधिक गर्विष्ठ दिसतात. "आवाजाचा सांधा मात्र सुरेख आहे. दोन टोकं एकमेकांत मुरवलीत. टिक्क नाही, काही नाही. बसलेला हात आहे. फक्त मागचं ते यंत्र कसं राहिलं कोण जाणे. एवढा चांगला कान, आणि एवढं मोठं यंत्र ऐकू येऊ नये?"

"म्हणजे कान शहाणा आणि डोळा अडाणी," कात्रीताई म्हणाल्या. "असला माणूस शोध, पोरी."

मी वाटभर विचार केला. दादाने काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात त्याचे बोट येते. त्याचा डोळा अडाणी आहे हे सिद्ध आहे. पण कान? फोनवर गाणे लावायचे तरी तो मला विचारत असे. एकच अर्थ निघतो: आवाजाचे काम त्याने कोणा जाणकाराकडून करवून घेतले. म्हणजे हे रागाच्या भरात घडलेले नाही, योजून केलेले आहे.

१६ जून, रविवार

बाबा दाढी करत होते तेव्हा गच्चीवर जाऊन दादाला फोन केला.

"दादा, आईच्या चित्रणाची मूळ फाइल कुठे आहे?"

"सकाळी सकाळी? बरी आहेस ना?"

"मूळ फाइल, दादा."

"कॅमेऱ्यातलं कार्ड मी बाबांना दिलं होतं. तेच म्हणाले, टीव्हीवर लागेल असं करतो. का गं?"

"आई बोलत होती तेव्हा तू समोरच होतास ना? मग ती मला नक्की काय काय म्हणाली ते सांग."

"मी कुठला समोर? मला तिनं हाकललं बाहेर. 'तू असलास की मला हसू येतं, ते बटण दाब आणि जा,' म्हणाली. मी जिन्यात उभा होतो. हाक मारली तेव्हा आत आलो."

"किती सोयीचं आहे."

"काय?"

"तू जिन्यात होतास, कार्ड बाबांकडे आहे, तुला काहीच माहीत नाही. सगळं किती सोयीचं आहे, दादा. मी इथं राहणंसुद्धा."

तो म्हणाला, "छोटे, तू माझ्यावर कसला आळ घेते आहेस ते तरी सांग. म्हणजे मला रागावता येईल."

मी सांगितले. तो रागावला नाही. "तुला तसं वाटत असेल तर मी काय बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला. अपराधी माणसे अशीच बोलतात, नाही का? आणि सगळे बाबांवर ढकलणे ही तर त्याची लहानपणापासूनची खोड. फुटलेली काच, हरवलेली किल्ली, सगळे "बाबांनी केलं".

१९ जून, बुधवार

दादाचा फोन नाही. मीही केला नाही.

बाबांनी विचारले, "भांडलात का रे दोघं?" मी म्हटले, "आईच्या फितीत त्यानं काहीतरी कापलंय." त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांना बसलेला धक्का पाहून मला दादाचा आणखी राग आला. या वयात त्यांना हे ऐकावे लागावे!

"जाऊ दे ना, छोटे," ते म्हणाले. "आईचा आवाज आहे तेवढा पुष्कळ आहे. त्याला नको काही बोलूस. तो गरीब आहे."

स्वतःच्या मुलाला पाठीशी घालणारे बाप मी कथांतून वाचले होते. आज रात्रीची भाजीही त्यांनीच केली आणि ती माझ्या आवडीची होती. त्यांनी नीट काही खाल्ले नाही. विचारले तर म्हणाले, "तू यायच्या आधी जेवलोय." खण बंद होता. आता त्याला कुलूप आहे.

गोडाचा इतका ध्यास बरा नव्हे. डॉक्टरांना सांगावे लागेल.

२२ जून, शनिवार

विद्यापीठाला उत्तर द्यायची वेळ जवळ आली आहे. कापलेल्या भागात आईने काय म्हटले होते हे कळल्याशिवाय मी 'नाही' लिहू शकत नाही आणि 'हो' तर मुळीच नाही. कदाचित तिथे फक्त खोकला असेल. कदाचित ती रडली असेल आणि ते दिसू नये म्हणून काढले असेल. मग मी दादाला जे बोलले त्याचे काय करायचे?

कात्रीताईंशी बोलले, या वेळी 'ओळखीच्यांची' म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "दादाला पुरावा दाखवायचा असेल तर तुमच्या फ्रिजची उचकी पकड. चालू असल्यापासून बंद होईपर्यंत एकसलग. मग दोन्ही शेजारी लावू. बघेल तोही."

कानसेनकाकांनी आपला लाडका रेकॉर्डर आणि माइक दिला, पिशवीत घालताना बाळाला टोपडे घालावे तसा फोम चढवून. "पडला तर घरी जायचं नाही, इथेच राहायचं. आणि कक्षशांती, खोलीत कुणी असेल तर त्याला दम दे. श्वाससुद्धा विचारून घ्यायचा."

२३ जून, रविवार

दुपारी स्वयंपाकघरात मांडामांड केली. माइक लहान तिकाटण्यावर, आईच्या खुर्चीपासून कॅमेरा जितका दूर असावा तितक्या अंतरावर. बाबा त्यांच्या नेहमीच्या पाटावर, खिडकीखाली. "बाहेर बसता का?" विचारले तर म्हणाले, "मी काय अडचण करतोय? बसतो गप्प." इतक्या दिवसांनी घरात यंत्र आले होते; त्यांनी रेकॉर्डरच्या बटणांवरून बोटेही फिरवली.

"बाबा, आता अगदी बोलायचं नाही. हलायचंही नाही. खोलीची शांतता घ्यायची आहे."

"शांतता घेऊन काय करणार?"

"नंतर सांगते."

हेडफोन लावले आणि बटण दाबले. फ्रिज चालू होता. हेडफोनमध्ये तो फ्रिज राहत नाही, सगळी खोली व्यापून टाकणारा प्राणी होतो. नळाचा थेंब ऐकू आला. शेजारच्या घरातली खुर्ची सरकली. बाबांचा श्वास इतका जवळून आला की मी नजर आवाजाच्या पट्टीवरच ठेवली. त्यांच्याकडे पाहायचे धैर्य झाले नाही. माणसाचा श्वास असा ऐकणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखे आहे.

मग फ्रिजला उचकी लागली. तो थरथरला. बरण्या किणकिणल्या. आणि शांतता झाली.

त्या शांततेत बाबांचा आवाज माझ्या दोन्ही कानांत आला.

"इतका वाजतो हा?"

मी मान वर केली. ते फ्रिजकडे पाहत होते, जणू घरात कुणी परके आले आहे.

"इतकी वर्षं इतका वाजतो? मला कसा कधी..." ते थांबले. "त्यातसुद्धा हा असणार. बरण्यांसकट. मी फक्त तिच्या आवाजाकडे बघत होतो."

मी काही विचारले नाही. विचारायला मला शब्द सुचला असता तर बहुधा ते बोललेच नसते. पण मी गप्प राहिले, आणि त्या गप्पपणात त्यांना बसवेना.

"तुझा दादा जिन्यातच होता, छोटे. तिनं त्याला बाहेर काढलं होतं. कार्ड माझ्याकडेच दिलं त्यानं. मी आधी सगळं एकदा लावून पाहिलं, एकट्यानं. मग मधलं कापलं. म्हटलं, नंतर परत जोडू. एक-दोन महिने गेले की जोडू. तू तोवर सावरशील, मी सावरेन. मग तू 'नाही कळवते' म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं... इतकं बरं वाटलं, की मग परत जोडायची लाज वाटायला लागली."

ते उठले. खिशातून किल्ली काढून खण उघडला. स्क्रूंच्या डबीत, कापसात गुंडाळलेले कार्ड होते. बर्फी नव्हती. बर्फी कधीच नव्हती.

रेकॉर्डर चालूच होता. मी तो बंद केला तेव्हा बाबा म्हणाले, "तुझी शांतता बिघडवली मी. पुन्हा घ्यावी लागेल."

२४ जून, सोमवार

काल वही पुढे लिहवली नाही. आज लिहिते.

कार्ड दोघांनी मिळून लावले. बाबा पाटावर, मी जमिनीवर. आईचे शब्द जसेच्या तसे उतरवते आहे:

"...त्यांना एकटं टाकू नकोस. म्हणजे चोवीस तास त्यांच्या डोळ्यांसमोर बस असं नाही म्हणत मी." (इथे फ्रिज थांबतो, बरण्या वाजतात. आई दचकून मागे पाहते.) "हा मेला! माझंच बोलणं तोडायचं होतं?" (चष्मा काढते. दोन्ही हातांनी, सावकाश.) "तू तुझ्या त्या शिक्षणाला जा. मिळालेला प्रवेश सोडायचा नाही. रोज फोन कर. जेवले का विचार, आणि 'हो' म्हणाले तर लगेच विश्वास ठेवू नकोस. ते तोंड भरून 'हो' म्हणतात आणि चहा-बिस्किटावर झोपतात." (थांबते. कॅमेऱ्याच्या थोडे जवळ झुकते.) "आणि अहो, हे टीव्हीवर लावायचं काम तुमच्याकडेच येणार. एक अक्षर कापू नका. तुमचा हात मला माहीत आहे. बरं, झालं माझं. ये रे, बंद कर हे!"

शेवटचे वाक्य तिने दाराकडे पाहून, जिन्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हटले आहे. ती ओरडत होती हे मी पूर्वी कितीदा ऐकले असेल! समोर उभ्या असलेल्याला कुणी इतक्या मोठ्याने हाक मारत नाही. मी शब्द ऐकले, अंतर ऐकले नाही.

बाबा म्हणाले, "शेवटचं माझ्यासाठी होतं. तेही कापलं मी." मला त्यांच्यावर रागवायचे होते. अजूनही रागवायचे आहे. तो राग कुठे गेलेला नाही, आत नीट घडी करून ठेवला आहे. पण त्यांनी आईच्या वाक्यासह स्वतःलाही कापून टाकले होते, हे पाहिल्यावर तो बाहेर काढता येईना.

दादाला फोन केला. "दादा, मी चुकले," म्हटले आणि पुढचे पाठ केलेले सगळे विसरले.

"कार्ड सापडलं?"

"बाबांच्या खणात."

"हं." मग म्हणाला, "छोटे, मला वाटलंच होतं. पण त्यांचं नाव घेतलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा, पुन्हा बाबांवर ढकलतो."

अगदी हेच मी या वहीत लिहिले आहे. त्याला कसे कळले?

विद्यापीठाला 'येते' असे कळवले. बाबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवायला लावले, दोनदा. पत्र खरे आहे की नाही ही शंका त्यांना असावी. ती त्यांना शोभते.

२९ जून, शनिवार

पुस्तिका पुरी केली. 'रूम टोन'ची नोंद कानसेनकाकांनी पुन्हा वाचली: 'रिकाम्या वाटणाऱ्या खोलीचा स्वतःचा आवाज. तो ऐकण्यासाठी खोलीतील सर्वांनी गप्प बसावे लागते, आणि तेच सर्वांत कठीण असते.'

"शेवटचं वाक्य तांत्रिक नाही," ते म्हणाले.

"काढू का?"

"राहू दे." आणि कात्रीताईंकडे वळून, "बघा, मीच शिकवलंय तिला."

११ ऑगस्ट, रविवार

वसतिगृहाच्या खोलीत तिघी आहोत. दोघी बाहेर गेल्या आहेत. या खोलीची शांतताही निराळी आहे: वर कुठेतरी पाण्याची टाकी भरत असते आणि भिंतीतून नळ गुरगुरतो. अजून तिची सवय झालेली नाही, म्हणून ऐकू येते.

दुपारी बाबांना फोन केला. आवाज प्रसन्न होता. जरा जास्तच.

"जेवलात?"

"हो, कधीच. वरण, भात, भाजी. दादा येणार आहे पुढच्या शनिवारी, त्याच्यासाठी पण बेत ठरवलाय."

"आत्ता कुठे बसलाय?"

"स्वयंपाकघरात. पाटावर. ताट समोरच आहे अजून."

मी त्यांचे बोलणे सोडून दिले आणि मागची हवा ऐकली. दूरवर रस्त्यावर एक स्कूटर गेली. कुणाच्या तरी घरातला टीव्ही. खुर्चीच्या वेताची करकर. आमच्या स्वयंपाकघरात वेताची खुर्ची नाही. ती बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी असते.

"बाबा, फ्रिज ऐकू येत नाही."

"बंद असेल."

"थांबते मी. चालू होईल."

ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पैसे, वेळ, कसलीही सबब सांगून फोन ठेवावा असा मोह झाला, पण आईने सांगितलेले मला आता पुरते ठाऊक आहे. मी गप्प राहिले.

शेवटी वेत करकरला. पावलांचा आवाज. दार. पातेल्यावरचे झाकण निघाले, ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग भाताचा डाव. हळूहळू ती घुंई माझ्या कानात शिरली.

"मोठी वकीलच लागून गेलीस," तोंडात घास घेऊन बाबा म्हणाले.

"चावून खा."

फोन मी ठेवला नाही. ते जेवत राहिले, मी ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने फ्रिजला उचकी लागली आणि बरण्या किणकिणल्या.